सूर्यबिंबावरील डाग आणि बिनतारी श्रोत्यांच्या नोंदवह्या

इतिहाससंशोधनाच्या कामीं जीं साधनें आजवर उपयोगांत आलीं त्यांत बखरी, शकावल्या, सनदा, महजर, हिशेबाच्या वह्या, नाणीं व शिलालेख हीं मुख्य होत. ह्या साधनांच्या पंक्तीस बसविण्याजोगा आणखी एक प्रकार वाचकांच्या नजरेस आणावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो प्रकार म्हणजे बिनतारी ध्वनिक्षेपण ऐकण्याचा ज्यांस नाद होता अशा हौशी गृहस्थांच्या नोंदवह्या. खानदेशांत, विशेषतः तापीकांठच्या व सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं, रेडिओ हेंच बाहेरच्या जगाशीं जोडणारें साधन असा एक दीर्घ काळ होऊन गेला. त्या काळांत दूरदूरचीं केंद्रें शोधून काढण्याचा छंद कांहींस जडला, व त्यांतल्या थोड्यांनीं आपण काय ऐकलें तें लिहून ठेविलें.

अशा वहीचें पान उघडलें तर चार-पांच रकाने दिसतात. तारीख, वेळ, किती मीटरांवर ऐकलें तो आंकडा, केंद्राचें नांव, आणि शेवटीं आवाज कसा होता याविषयीं एखादा शब्द: ‘स्वच्छ’, ‘मध्यम’, ‘खरखर’, किंवा ‘लागलें नाहीं’. वरवर पाहणारास हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, जी गोष्ट लिहिणाराच्या ध्यानींमनींहि नव्हती तिचा, म्हणजे सूर्याच्या चढउतारांचा, इतिहास ह्या रकान्यांत उतरलेला आहे. आणि तो वाचतां येतो.

तो कसा वाचावा हें कळण्यासाठीं कार्यकारणसंबंध थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सूर्याच्या पृष्ठाची उष्णता सुमारें ५,५०० अंश आहे. डागाच्या मध्यभागीं ती हजार-दीडहजार अंशांनीं कमी असते, म्हणून भोंवतालच्या तेजांत तो भाग काळा दिसतो. अशा ठिकाणीं चुंबकशक्ति एकवटलेली असते, हें अमेरिकेंतील ज्योतिर्विद् हेल यांनीं सन १९०८ सालीं दाखवून दिलें. डागांची संख्या साधारणतः अकरा वर्षांच्या आवर्तनानें वाढते व ओसरते. ती वाढली म्हणजे सूर्यापासून निघणारे अतिनील व क्ष-किरणहि वाढतात, आणि पृथ्वीपासून सुमारें ६० ते ४०० किलोमीटर उंचीवरील विरळ हवा त्यांच्या योगानें अधिक विद्युन्मय होते. लघुलहरी ह्याच थरांवरून वळून पुन्हा जमिनीवर येतात. थर दाट असला तर १३ किंवा ११ मीटरांच्या अगदीं आंखूड लहरीहि परत फिरतात व हजारों मैलांवरचें केंद्र घरांतल्या रेडिओवर बोलूं लागतें. थर पातळ झाला तर त्याच लहरी त्यांतून आरपार निघून अंतराळांत जातात, आणि कांटा कितीहि फिरविला तरी तेथें शांतता असते. उलट सूर्यावर एकाएकीं स्फोट झाला तर त्याचे क्ष-किरण आठ-सव्वाआठ मिनिटांत येऊन पोंचतात, खालचा थर लहरींस गिळूं लागतो, आणि भर दिवसां लघुलहरी कांहीं मिनिटें, क्वचित् तासभर वा अधिकहि, बंद पडतात. स्फोटाबरोबर बाहेर पडलेले विद्युत्कण आपल्या दिशेनें आले तर एक ते तीन दिवसांनीं पृथ्वीवर चुंबकी वादळ उठतें.

स्थळाचाहि विचार केला पाहिजे. चुंबकी विषुववृत्त दक्षिण हिंदुस्थानच्या टोकावरून, त्रिवेंद्रमनजीकच्या थुंब्यावरून, जातें. तेथील विद्युन्मय वायु दिवसा वर चढतो व उत्तरेस आणि दक्षिणेस उतरून दोन दाट पट्टे निर्माण करतो. उत्तरेकडील पट्ट्याची दाटी डाग पुष्कळ असतील त्या वर्षीं अहमदाबाद-भोपाळच्या बाजूस आढळते. नंदुरबार सुमारें २१ अंश २२ कला उत्तर अक्षांशावर असल्यामुळें आमचा प्रदेश त्या दाटीच्या शेजारींच पडतो. म्हणून येथील श्रोत्यांच्या नोंदी पुण्या-मुंबईच्या नोंदींहून सर्वस्वीं भिन्न नसल्या तरी त्यांची प्रत मानूं नयेत.

आतां डाग पाहण्याच्या इतिहासाकडे वळूं. आपल्याकडे हा विषय निघाला कीं वराहमिहिराचें नांव घेतलें जातें, आणि तें योग्यहि आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील त्याच्या बृहत्संहितेंत आदित्यचार नांवाचा तिसरा अध्याय आहे. त्यांत सूर्यबिंबावर दिसणाऱ्या ‘तामसकीलक’ नांवाच्या कृष्ण आकृतींचें वर्णन आहे. त्यांस राहूचे पुत्र म्हटलें असून त्यांची संख्या तेहतीस सांगितली आहे. वर्ण, स्थान व आकार यांवरून त्यांचीं फळें ठरविलीं आहेत. आकार कावळ्यासारखा, धडासारखा किंवा शस्त्रासारखा असेल तर तो विशेष अनिष्ट, असा त्याचा आशय आहे. नुसत्या डोळ्यांनीं दिसतील एवढे मोठे डाग उदयास्ताच्या वेळीं किंवा धुळीच्या पडद्याआडून दृष्टीस पडतात, आणि वराहमिहिराच्या परंपरेंतील कोणीतरी ते पाहिले होते, याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं.

परंतु येथेंच संशोधकानें थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. कीलक दिसला तो कोणत्या वर्षीं, कोणत्या मासीं, कोणत्या तिथीस? ह्या प्रश्नाचें उत्तर त्या अध्यायांत नाहीं. तो ग्रंथ संहिता आहे, दिनचर्या नव्हे; त्याचें प्रयोजन फलकथनाचें आहे. चीनमधील राजदरबारच्या इतिहासांत मात्र इसवी सनापूर्वीं २८ सालापासून सूर्यावरील कृष्णचिन्हांचे तारीखवार उल्लेख मिळतात, व आजचे शास्त्रज्ञ गतकालीन आवर्तनांचा विचार करतांना त्यांचाच आधार घेतात. उभा जन्म संस्कृतच्या अध्यापनांत घालविलेल्या आमच्यासारख्यास हें लिहितांना आनंद होत नाहीं. तथापि ‘आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें’ एवढें म्हणून समाधान मानण्यांत शास्त्राचाहि लाभ नाहीं आणि पूर्वजांचाहि गौरव नाहीं. त्यांची दृष्टि तीक्ष्ण होती. तिथी लिहिली गेली असती तर आज जगानें ती शोधीत यावें लागलें असतें. एका तिथीची किंमत काय असते हें ह्या पत्राच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शिवजन्माचा वाद कित्येक वर्षें चालला असतां लोकमान्य टिळकांनीं सन १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्धीस आणली, आणि तींतील शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेच्या एका त्रोटक नोंदीनें त्या वादाचें स्वरूपच पालटून टाकलें.

दुर्बिणीनें डाग पाहण्यास युरोपांत सन १६१० च्या सुमारास आरंभ झाला. गॅलिलिओ, हॅरियट, फॅब्रिशियस व शायनर हे त्यांतील आद्य निरीक्षक होत. पुढें सन १६४५ पासून १७१५ पर्यंतच्या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग अत्यंत विरळ झाले. आमच्या वाचकांनीं हा काल आपल्या शकावलीशीं ताडून पहावा. शिवाजी महाराजांचें जवळजवळ सर्व कर्तृत्व, राज्याभिषेक, औरंगजेबाची दक्षिणेंतील मोहीम व शाहू महाराजांची सुटका ह्या सर्व गोष्टी त्या डागविरहित सूर्याखालीं घडल्या. ही गोष्ट आज कळते याचें कारण एवढेंच कीं, त्या काळीं पॅरिस व अन्य ठिकाणच्या निरीक्षकांनीं दुर्बीण लावून ‘आज डाग नाहीं’ असेंहि लिहून ठेविलें. ‘दिसला नाहीं’ ही नोंद ‘दिसला’ ह्या नोंदीइतकीच मोलाची असते; कोरें पान मात्र कांहींच सांगत नाहीं.

आवर्तनाचा शोधहि धंदेवाईक ज्योतिषानें लाविला नाहीं. जर्मनींतील देस्साउ गांवचा हाइनरिख श्वाबे हा औषधें विकणारा गृहस्थ. त्यानें सन १८२६ पासून मोकळें आकाश मिळेल त्या प्रत्येक दिवशीं डाग मोजले व सन १८४३ सालीं त्यांच्या चढउतारास सुमारें दहा वर्षांचा काल लागतो असें जाहीर केलें. झूरिचच्या रुडोल्फ वोल्फ यांनीं पुढें मोजणीची एक रीत बसविली: डागांच्या समूहांची संख्या दसपट करून तींत सुट्या डागांची संख्या मिळवावयाची, व आलेल्या बेरजेस निरीक्षकाच्या दुर्बिणीप्रमाणें ठरविलेल्या गुणकानें गुणावयाचें. ह्या गुणकामुळें लहान दुर्बिणीच्या हौशी माणसाची मोजणीहि मोठ्या वेधशाळेच्या मोजणीशेजारीं ठेवितां येते. सन १९८१ पासून हें काम ब्रुसेल्सच्या वेधशाळेकडे आहे, आणि सन २०१५ सालीं जुन्या निरीक्षकांच्या वह्या पुन्हा तपासून सर्व अंकमाला सुधारण्यांत आली. दोन-अडीचशें वर्षांपूर्वींच्या वहीचें काम अद्याप संपलेलें नाहीं, असा ह्याचा अर्थ होतो.

ह्या इतिहासांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईस कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें सन १८२६ सालीं वेधशाळा स्थापिली. पृथ्वीच्या चुंबकशक्तीचें मापन तेथें सन १८४१ सालीं सुरू झालें व सन १८४६ पासून नियमित होऊं लागलें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हे डागांच्या आकृति काढीत असतां एका मोठ्या डागसमूहावर शुभ्र तेजाची ठिणगी उठलेली त्यांनीं पाहिली. हॉजसन नांवाच्या दुसऱ्या हौशी निरीक्षकानेंहि ती स्वतंत्रपणें पाहिली. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकी वादळ कोसळलें. तारायंत्रें बिघडलीं, आणि ध्रुवप्रदेशांतील आरुण प्रकाश क्यूबासारख्या उष्ण कटिबंधांतील स्थळींहि दिसला. यूरोपांतील कित्येक यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्यामुळें तेथील नोंद तुटली. कुलाब्यास त्या वेळीं यंत्राचें माप माणूस डोळ्यांनीं पाहून लिहीत असे. एरवीं तें तासातासानें घेत. वादळ ध्यानांत येतांच तें अधिक जलद घेण्यांत आलें, आणि नोंद अखंड राहिली.

तात्या टोपे यांस शिप्री येथें १८ एप्रिल १८५९ रोजीं फांशी देण्यांत आलें, त्यानंतर पांच महिनेहि लोटले नव्हते. खानदेशांतील भिल्लांचा उठावहि ताजाच होता. अशा धामधुमीच्या काळांत कुलाब्याच्या वेधशाळेंत बसून २ सप्टेंबरच्या सकाळीं कोणी आंकडे मांडीत होतें. ते आंकडे सुमारें १४४ वर्षें दप्तरांत राहिले. सन २००३ सालीं त्सुरुतानी, लखीना, शोभना अलेक्स प्रभृति संशोधकांनीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां असें निष्पन्न झालें कीं त्या दिवशीं कुलाब्याच्या क्षितिजसमांतर चुंबकशक्तींत सुमारें १,६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. ही घट मूळ शक्तीच्या शेंकडा चारांच्या आसपास होते. नित्याच्या दैनिक फरकापुढें ती प्रचंडच म्हटली पाहिजे. त्या वादळाचें बळ मोजण्यास विषुववृत्तानजीकच्या प्रदेशांतील हीच मुख्य नोंद जगास उपलब्ध आहे.

नोंदींचा धागा तुटूं नये म्हणून पुढें जी दक्षता घेण्यांत आली तीहि स्मरणीय आहे. मुंबईंत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असें दिसतांच त्यांच्या प्रवाहानें चुंबकमापन बिघडेल हें ओळखून वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनीं अलिबाग येथें नवी जागा सिद्ध केली. इमारतींत लोहाचा अंश येऊं नये इतकी काळजी घेतली. सन १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकदम मापन करून जुन्या व नव्या आंकड्यांचा मेळ घालण्यांत आला, आणि मग ट्राम सन १९०७ सालीं धांवूं लागली. सन १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे कुलाब्याचे आंकडे मूस यांनीं सन १९१० सालीं दोन भागांत प्रसिद्ध केले. पुण्यास कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारें सन १८८८ सालीं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली व २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध जेऊर येथें घेतले. परंतु ती वेधशाळा एका व्यक्तीच्या आधारावर उभी होती. नेगमवाला निवृत्त होतांच सन १९१२ सालीं ती बंद झाली व तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालास गेली. कुलाबा-अलिबागची परंपरा टिकली, पुण्याची खुंटली. दोहोंतला हा भेद हौशी मंडळींनीं विसरूं नये.

बिनतारीच्या युगांत ह्या कथेस नवें वळण लागलें. मुंबईच्या रेडिओ क्लबानें सन १९२३ सालीं ध्वनिक्षेपणाचा प्रयोग केला, व २३ जुलै १९२७ रोजीं मुंबई केंद्र रीतसर सुरू झालें. सन १९३६ च्या सुमारास इंग्लंडांतील हाइटमन नांवाच्या हौशी बिनतारी संदेशकास आंखूड लहरींवर एक विचित्र फुसफुसाट ऐकूं येई. डाग पुष्कळ असतां व लघुलहरी एकाएकीं लोपण्याच्या सुमारास तो येतो, असें ह्या क्षेत्रांतील हौशी लोकांच्या ध्यानांत आलें होतें. २७ व २८ फेब्रुवारी १९४२ रोजीं ब्रिटिश सैन्याच्या रडारयंत्रांत असाच गोंगाट झाला. शत्रूची ती करणी असावी असा प्रथम तर्क झाला. हे नांवाच्या संशोधकानें तपास करून तो सूर्यावरील एका मोठ्या डागसमूहाकडून येत असल्याचें दाखविलें. सूर्य स्वतःच एक ध्वनिक्षेपक आहे, हें अशा रीतीनें कळून आलें. महाराष्ट्रांत त्याचा शास्त्रीय अभ्यास सन १९६५ सालीं कल्याण येथें सुरू झाला. गोविंद स्वरूप यांनीं ऑस्ट्रेलियांतून आणलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या तेथें मांडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फें सूर्याच्या रेडिओलहरींचे वेध घेतले. नारायणगांवनजीक खोडद येथील विशाल दुर्बीण ही त्याच परंपरेचें पुढचें पाऊल होय.

आतां नंदुरबारकडील वह्या ह्या मालिकेंत कशा बसतात तें पाहूं. गेल्या पांच आवर्तनांचे कळस डिसेंबर १९७९, नोव्हेंबर १९८९, नोव्हेंबर २००१, एप्रिल २०१४ व ऑक्टोबर २०२४ असे आहेत. सूर्य अत्यंत शांत असल्याचे काल सन १९८६, १९९६, २००८ व २०१९ हे होत. आमच्या स्वतःच्या वह्यांत १३ मीटरांच्या रकान्याकडे पाहिलें तर कळसाच्या वर्षांत सायंकाळ टळेपर्यंत तो भरलेला दिसतो, आणि मधल्या वर्षांत ‘लागलें नाहीं’ हेच शब्द ओळीनें खालीं उतरतात. हें आंकडेशास्त्र नव्हे हें आम्ही जाणतों. परंतु ज्यास आवर्तन ठाऊक नाहीं अशा माणसानेंहि केवळ हीं पानें चाळून तें ओळखावें, इतकी ती खूण स्पष्ट आहे.

अशा वहीची परीक्षा मात्र दस्तऐवजाप्रमाणेंच केली पाहिजे. वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे कीं ग्रीनिचची, हें प्रथम ठरवावें. एकच केंद्र लोपलें असेल तर तें क्षेपकाच्या बिघाडानेंहि लोपेल; त्याच घटकेस भिन्न दिशांचीं दोन-तीन केंद्रें लोपलीं तरच सूर्याकडे बोट दाखवावें. पावसाळ्यांतील विजांची खरखर व शेजारच्या पंपाच्या मोटारीची खरखर निराळी ओळखावी. शेवटीं ज्ञात वादळांशीं ताडून पहावें. कॅनडांतील क्वेबेक प्रांत अंधारांत बुडविणारें १३ मार्च १९८९ चें, ऑक्टोबर २००३ च्या अखेरचें, आणि लडाखांतील हानले येथें आकाश तांबूस करणारें १० व ११ मे २०२४ चें, हीं वादळें त्या दृष्टीनें सोयीचीं आहेत. ह्या दिवसांच्या नोंदी जुळल्या तर उरलेल्या वहीवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

ही तपासणी आतां लांबणीवर टाकण्यासारखी नाहीं. जीं केंद्रें ह्या वह्यांचा आधार होतीं तीं एकामागून एक बंद पडत आहेत, बी. बी. सी. ची हिंदी लघुलहर सेवा जानेवारी २०२० अखेर थांबली. वेध घेण्याचीं साधनें आज फार पुढें गेलीं आहेत. कुलाब्याच्या त्या नोंदीच्याच तारखेस, म्हणजे २ सप्टेंबर रोजीं, सन २०२३ सालीं आदित्य एल-१ हें यान सूर्याच्या अभ्यासास निघालें, आणि त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेंत सिद्ध झालेली आहे. परंतु यान कितीहि तीक्ष्ण असलें तरी तें मागच्या वर्षांत जाऊन पाहूं शकत नाहीं. सन १९८९ च्या एखाद्या दुपारीं शहाद्यास काय ऐकूं आलें, हें सांगणारा कागद एकच, आणि तो कोणाच्या तरी माळ्यावर आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, धुळे व नंदुरबार ह्या दोन्ही जिल्ह्यांतील संशोधनप्रेमी मंडळींनीं अशा वह्या, व दूरच्या केंद्रांकडून श्रोत्यांस पोंच म्हणून आलेलीं कार्डें, एकत्र करावीं, त्यांच्या नकला घ्याव्या व यादी प्रसिद्ध करावी. ज्यांस पुढें नोंद ठेवावयाची आहे त्यांनीं लहान दुर्बिणींतून सूर्याचें बिंब पांढऱ्या कागदावर पाडून डाग मोजावे. दुर्बिणींतून सूर्याकडे डोळा कदापि लावूं नये. आणि ज्यांच्या घरीं वडिलांची किंवा आजोबांची जुनी वही असेल त्यांनीं ती रद्दींत घालण्यापूर्वीं उघडून तींत तारीख लिहिली आहे कीं नाहीं एवढें पहावें.